आपण म्हणजे कोण?

आमच्या विभूते साहेबांनी शेंगांचं एक पोतं उचललेलं कुणी कधी पाहिलेलं नाही. पण 'चला, आपण ही पोती आत घेऊ' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही असा दिवस मात्र उगवला नसेल. वाक्य संपलं की साहेब दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, आणि आपण, म्हणजे आम्ही, पोती आत घ्यायचो. काम फत्ते झालं की साहेब मालकिणीला फोन लावायचे, "मॅडम, पोती मी आत घेतली." सर्वनामांचा इतका काटकसरी वापर करणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मी कुमुद घोंगडे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत 'रुचिरेखा' नावाचा आमचा कारखाना आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बनवतो आणि जगभर पाठवतो. माझं काम चव घेण्याचं. दिवसभर लसूण-तिखट जिभेवर असल्यामुळे माझं बोलणंही तसंच झालंय, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. तो गोडाच्या दुकानात कामाला आहे, त्याला काय कळतंय.

हल्ली सगळंच यंत्रं करतात, त्यामुळे माणसाने केलेल्या वस्तूला भाव आला आहे. आमच्या पाकिटावर एक ठसा असतो: 'माणसाच्या नाकाने भाजलेले'. म्हणजे भट्टी सूर्याच्या विजेवर चालते, कांडपाची मुसळं मोटारीवर नाचतात, पण शेंगदाणा भाजून झाला हे ठरवायचं माणसाच्या नाकाने आणि भट्टीचा खटका बंद करायचा माणसाच्या बोटाने. भट्टी आपोआप बंद व्हायला लागली की ठसा गेला, आणि ठसा गेला की परदेशातलं गिऱ्हाईक गेलं. आमच्या विभागाचं नाक म्हणजे रेणुका येमूल. यंत्रं बघायला महिबूब. जिभेला मी. आणि या सगळ्यावर नागनाथ विभूते, विभागप्रमुख, हात पाठीमागे.

कंपनी काढली विश्वनाथरावांनी. आता त्यांची नात गार्गी मॅडम कारभार बघते. लहानपणी ही पोर भट्टीजवळ यायची, 'विभूतेकाका, शेंगा द्या की' म्हणून फ्रॉकचा ओचा पुढे करायची. पुढे ती बंगळूरला शिकायला गेली आणि परत आली तेव्हा विभूतेकाकांचे 'मिस्टर विभूते' झाले होते. मुलगी वाईट नाही. फक्त जे मोजता येत नाही ते नसतंच, अशी तिची समजूत करून दिली होती कुणीतरी.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिने आम्हाला मीटिंगला बोलावलं आणि प्रत्येकापुढे बटणाएवढा एक बिल्ला ठेवला, स्वतःही एक लावला. बिल्ल्याचं नाव 'स्वबोध'.

"आपण कसे आहोत हे आपल्याला कधीच दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "हा बिल्ला दाखवेल. चांगला प्रमुख व्हायचं तर आधी स्वतःचं बोलणं ऐकता आलं पाहिजे."

विभूते साहेबांनी जोरात मान हलवली. त्यांना वाटलं, हे आमच्यासाठी चाललं आहे.

बिल्ल्यामागचं शास्त्र मला मॅडमनीच समजावून सांगितलं, आणि ते मला पटलंही. माणूस बोलताना नाम आणि क्रियापद निवडून घेतो, त्यात त्याला लबाडी करता येते. सर्वनाम मात्र विचार न करता तोंडातून निसटतं. त्यामुळे एखाद्याला आपल्या गटात धरलं आहे की बाहेर ठेवलं आहे, हे सर्वनामावरून कळतं. यंत्र मुळात इंग्रजीसाठी बनवलं होतं, पण तिथे त्याला नुसते अंदाज बांधावे लागत. त्या भाषेत सगळ्यांना मिळून एकच शब्द. मराठीत दोन आहेत. 'आम्ही सिनेमाला चाललो' म्हटलं की समोरच्याने घरी बसायचं, 'आपण सिनेमाला चाललो' म्हटलं की त्याने चपला घालायच्या. इतकं स्वच्छ माप हातात आल्यावर बिल्ला बनवणारे कंपनीवाले नाचायचेच बाकी राहिले होते. मराठी आवृत्ती जगात सगळ्यात अचूक, असा त्यांचा दावा होता.

बिल्ला कॉलरच्या हाडावर बसायचा. कोण कुणाला 'आम्ही' म्हणतो, कोण 'आपण', ते मोजायचा. शिवाय वाक्य संपल्यानंतर कुणाचे हात हलले याचीही नोंद ठेवायचा. त्यातून आकडा निघायचा, शंभरापैकी. त्याला नाव दिलं होतं 'आपलेपणाचा आकडा'. आणि काही चुकलं की बिल्ला हाडातून कानात हळूच सांगायचा. ज्याचं त्यालाच ऐकू यावं अशी सोय होती. पण विभूते साहेबांचा डावा कान जरा जड. त्यांनी आवाज पार वर नेऊन ठेवला, आणि त्यांचा स्वबोध आम्हा सगळ्यांना व्हायला लागला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. भट्टीला हार, मुसळांना हळदकुंकू, महिबूबच्या पान्यांना फुलं, असं सगळं झालं. बिल्ल्यांनाही एकेक ठिपका लागला. साहेबांनी नारळ हातात घेतला आणि म्हणाले, "चला, आपण नारळ फोडू." आणि नारळ महिबूबकडे दिला.

"हे 'आपण' पोकळ आहे," साहेबांच्या गळ्यातून एक अतिशय सभ्य बाई म्हणाली.

बाईची अजून सवय झाली नव्हती, साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. महिबूबनं नारळ फोडला, कारण हसू दाबायला काहीतरी फोडणं भाग होतं.

त्या दिवशी सुमित्रावहिनी, म्हणजे साहेबांच्या मंडळी, पूजेला आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काल घरी आल्यावर म्हणाले, आपण जरा दिवाळीसाठी पडदे धुवायला काढू. तर यांच्या गळ्यातून बाई बोलली की, 'हे आपण पोकळ आहे' म्हणून. मी म्हटलं, कोण गं बाई तू? बस, चहा टाकते. इतकी वर्षं मी एकटीच हे म्हणत होते."

"मग पडदे?"

"यांनीच काढले. दोन खाली पडले, एक फाटला. पण काढले."

पहिल्या आठवड्याचा आकडा आला तेवीस. गार्गी मॅडमनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार उघडंच ठेवलं, कारण पारदर्शकतेवर त्यांचा विश्वास होता. दिवाळीपर्यंत आकडा साठाच्या वर गेला नाही, तर साहेबांना तळेगावच्या गोदामावर पाठवायचं आणि त्यांच्या जागी 'समन्वयक' बसवायचा असं ठरलं. समन्वयक म्हणजे माणूस नव्हे. भिंतीवरचा एक पडदा, जो प्रत्येकाला त्याचं काम वाटून देतो आणि शाबास म्हणतो.

साहेब बाहेर आले आणि थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी चमच्यात चटणी घेतली होती.

"कुमुदताई, एक विचारू? मी तुमच्यातला नाही का हो?"

या प्रश्नाला माझ्याकडे तिखट उत्तर तयार होतं, बरीच वर्षं तयार होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मला ते देववेना. या माणसाला खरोखरच वाटत होतं की आपण सगळ्यांबरोबर पोती उचलत आलो आहोत. मला वाईट वाटलं. मी चटणी तोंडात टाकली आणि ठसका लागल्याचं निमित्त केलं.

साहेबांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एक दिवस 'आपण पोतं उचलू' म्हणाले आणि खरंच उचललं. बिल्ला म्हणाला, "छान." पाठीत उसण भरली, पुढचे तीन दिवस पट्टा बांधून फिरले. मग त्यांनी ठरवलं की 'आपण' हा शब्दच वापरायचा नाही. शब्दच नाही तर पोकळ कुठून होणार? ते कर्मणी प्रयोगात बोलू लागले.

"लसूण सोलला जावा. पोती हलवली जावीत. चहा आणला जावा."

"साहेब, तहसील कचेरीतून आलाव काय?" महिबूब म्हणाला.

आकडा एकवीसवर घसरला.

आणि मग अन्न तपासणीचा अधिकारी आला. महिबूब दारात होता. पाहुण्यापुढे त्याने हात जोडले आणि त्याच्या तोंडून कधी नव्हे ती शुद्ध भाषा निघाली, "यावं साहेब. आपण इकडं बसावं. आपण पाणी घ्यावं."

त्याच्या बिल्ल्यावर हिरवा दिवा लागला. महिबूब यंत्राचा माणूस. यंत्र चुकीच्या ठिकाणी खूश झालं की त्याला लगेच कळतं. अधिकारी गेल्यावर त्याने मला आणि रेणुकाला कांडपामागे बोलावलं.

"ह्याला आदराचं 'आपण' कळंना झालंय," तो म्हणाला. "समोरच्याला मान देऊन 'आपण' म्हटलं, तरी ह्याला वाटायलंय की आपण सगळे मिळून."

नंतर मॅडमकडून कळलं की महिबूबचा तर्क बरोबर होता. यंत्राला मराठी शिकवताना लाखो तासांचं बोलणं ऐकवलं होतं, पण ते सगळं तरुण पोरापोरींचं. ती पोरं एकमेकांना 'आपण बसावं' कशाला म्हणतील? ती 'बस की बे' म्हणतात. त्यामुळे मराठीत 'आपण'चे दोन अर्थ आहेत, आणि त्यातला एक जवळ घेणारा आणि दुसरा हात जोडून चार हात लांब उभा करणारा आहे, हे त्या अचूक यंत्राच्या गावीही नव्हतं.

"मग?" रेणुका म्हणाली.

"मग काय. साहेबाला मान द्यायचा."

आम्ही हे का केलं, याचं खरं उत्तर देते. साहेबांची दया थोडी, पडद्याची भीती बरीच, आणि गंमत सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या विभागात दरबार भरला. साहेब आले की रेणुका म्हणायची, "आपण आलात?" मी म्हणायची, "आपण चटणी चाखून पाहावी." महिबूब तर वाट अडवून उभा राहायचा, "आपण पुढं व्हावं. आपण असताना मी कसा पुढं जाणार?" साहेबांच्या गळ्यातली बाई सारखी 'छान, छान' म्हणत होती. आकडा चाळीस झाला, सत्तर झाला, चौऱ्याण्णववर जाऊन थांबला.

"चौऱ्याण्णव!" साहेब मला म्हणाले. "मॅट्रिकला मला याच्या निम्मे होते, कुमुदताई."

ते खरंच बदलले होते, हे सांगायला हवं. आनंदी माणूस दिलदार होतो. ते येता-जाता सगळ्यांची विचारपूस करू लागले. महिबूबच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तर घरी जाऊन आले. वहिनींचा मला फोन आला, "काय केलंत गं तुम्ही? झोपेत हसतात." ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फसवणूक करताना समोरचा खूश झाला की घास गोड लागत नाही. पण आता थांबावं तर आकडा पडणार, आकडा पडला तर साहेब तळेगावला, आणि भिंतीवर पडदा. वाघावर बसलो होतो, उतरायचं कसं? आम्ही मान देत राहिलो.

दिवाळीच्या ऑर्डरचा शेवटचा माल दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर पोचायचा होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा मराठी मंडळांचा फराळ. शेंगदाण्याचा शेवटून दुसरा घाणा भट्टीत होता. भाकरी विभागात पॅकिंगला माणसं कमी पडली म्हणून रेणुकाला तिकडे बोलावलं. जाताना ती दारात थांबली आणि सवयीने दरबारी अदबीने म्हणाली,

"साहेब, जेवणाच्या सुट्टीआधी भट्टी आपणच बंद करायची, हं."

"अर्थात!" साहेब खुशीत म्हणाले. "आपणच बंद करायची."

आणि सगळे जेवायला गेलो.

कडक भाकरीचा दुसरा तुकडा मोडत होते, तेव्हा वास आला. रेणुका भाकरी विभागातून पळत आली, मी डबा टाकून उठले. भट्टीतून काळा धूर येत होता. महिबूबनं खटका बंद केला, झाकण उघडलं. मी एक दाणा तोंडात टाकला आणि थुंकला. कडूजहर.

"भट्टी कोण बंद करणार होतं?" साहेबांनी विचारलं.

"आपण," रेणुका म्हणाली.

"तेच विचारतोय. आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे आपण!"

"अहो, पण आपल्यापैकी कोण?"

"आपल्यापैकी नाही हो साहेब! आपण! तुम्ही!"

"मी?" साहेबांनी छातीवर हात ठेवला. "मी कसा? तू म्हणालीस, आपण बंद करायची. मी म्हटलं, हो, आपण बंद करायची. म्हणजे तुम्ही."

"मला वाटलं महिबूब," मी म्हटलं.

"मला वाटलं साहेब," महिबूब म्हणाला. "हल्ली ते स्वतः करायलेत म्हणून."

"अय्यो, मी मान देऊन म्हटलं होतं!" रेणुका ओरडली. "मान देऊन!"

"अभिनंदन," साहेबांच्या गळ्यातली बाई म्हणाली. "आपलेपणाचा आकडा सत्त्याण्णव."

कुणीच हसलं नाही. साहेब एकेकाकडे बघत राहिले. धूर पातळ होत होता आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, ते आम्हाला दिसत होतं.

"मान देऊन," ते हळूच म्हणाले. "म्हणजे इतके दिवस तुम्ही मला जे 'आपण' म्हणत होता..."

रेणुकाने पदराने नाक पुसलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"आपण बसावं. आपण घ्यावं," साहेब स्वतःशीच बोलले. "आमच्या थोरल्या जावयाचं आणि माझं भांडण झालं तेव्हा तो मला असंच बोलायचा. माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, नाहीतर केबिनमध्ये जाऊन बसेल. त्यांनी हात पाठीमागे नेले, बांधले. मग सोडले.

"भट्टी मी बंद करायला पाहिजे होती," ते म्हणाले. "मी हो म्हटलं होतं. चुकी माझी हाय. आता पुढं काय करायचं सांगा बे, मला काय कळंना झालंय."

पंचवीस-सव्वीस वर्षांत साहेबांच्या तोंडून 'बे' आलं नव्हतं. सोलापूरचा माणूस 'बे' म्हणाला की तो घरात आला असं समजायचं.

भट्टीला जळका वास धरला होता, तिच्यात पुढचा घाणा टाकता येत नव्हता. शेवटच्या घाण्याचे कच्चे दाणे गोदामात होतेच, आणि जळलेल्याची तूट भरून काढायला शेजारच्या कारखान्याकडून उसने आणले. रेणुकाने कँटीनमधल्या लोखंडी कढया काढल्या, गॅस पेटवले. दाणे हाताने भाजायचे, चोळायचे, पाखडायचे आणि मग कांडपात टाकायचे. साहेबांच्या हातात सूप आलं.

"अहो, ते सूप हाय, ट्रे न्हवं! असं धरा की!"

"असं?"

"साहेब, सगळे दाणे माझ्या डोक्यावर पडायलेत. तिकडं तोंड करा!"

"सरका तिथनं, भाजाल!"

"लसूण कुणी घेतला? साहेब, उठा, त्या लसणावर बसलाव तुम्ही!"

कांडपाचं झाकण निसटलं तेव्हा महिबूब दोन्ही हातांनी ते पेलून धरत ओरडला, "विभूते, धर!" आणि जीभ चावली. सगळे थबकले. विभूते साहेबांनी धावत जाऊन झाकण धरलं.

"धरलंय. तू कस ते नट," ते म्हणाले.

"सावधान," त्यांचा बिल्ला म्हणाला. "बराच वेळ एकदाही 'आपण' ऐकू आलेले नाही." साहेबांच्या डोळ्यात तिखट गेलं होतं. त्यांनी चाचपडत आवाजाची कळ शोधली आणि पार खाली केली.

दिवस मावळता शेवटचं पाकीट बंद झालं. मी चव घेतली. हाताने भाजलेली चटणी, थोडी जाडसर, पण लसूण नीट मुरलेला. मी मान डोलावली तेव्हा सगळे होतो तिथे खाली बसलो. साहेबांच्या केसांत शेंगांची सालपटं होती. ते म्हणाले, "आता उद्या सकाळी आपण ती भट्टी घासून..."

ते थांबले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"साहेब," रेणुका म्हणाली, "नाव घ्या."

"अं?"

"आपण म्हणालाव. आता नाव घ्या. नवरीला सोडतेत काय नाव घेतल्याबिगर?"

"नाव घ्या, नाव घ्या!" महिबूबनं परात वाजवली.

साहेब लाजले. खरंच लाजले. मग घसा खाकरून म्हणाले,

"भाकरीला चटणी, चटणीला लसणाची साथ,
उद्या भट्टी घासणार विभूत्यांचा नागनाथ."

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गी मॅडम आल्या तेव्हा नागनाथ भट्टीत कमरेपर्यंत आत होते. बाहेर आले ते कोपरापर्यंत काळे. मॅडमनी मीटिंगच्या खोलीत भिंतीवर आलेख लावला. रेघ उंच उंच गेली होती आणि शेवटी दगडासारखी खाली पडली होती.

"काल दुपारी सत्त्याण्णव," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळी नऊ. मिस्टर विभूते, बिल्ल्याच्या कंपनीची पुण्याची माणसं हा विभाग बघायला येणार होती. आणि मला कळलं, भट्टीत घाणाही जळाला. कुणी चालू ठेवली?"

"मी," साहेब म्हणाले. "तळेगावला मी जाईन, मॅडम. यांना काही बोलू नका."

"ते एकटे न्हवते," रेणुका म्हणाली. "आम्ही चालू ठेवली."

साहेबांच्या कॉलरवर लाल दिवा लागला.

"आम्ही विसरलो," महिबूब म्हणाला. पुन्हा लाल.

"आणि माल आम्हीच वेळेवर पाठवला," मी म्हटलं. पुन्हा लाल. बिल्ल्याच्या मते त्या खोलीत साहेबांची लाज निघत होती.

"आम्ही म्हणजे कोण?" मॅडमनी विचारलं.

रेणुकाने बोट फिरवलं. "मी, हा महिबूब, ही कुमुदताई, आणि हे आमचं साहेब."

साहेबांनी मान खाली घातली. काळ्या हाताने डोळा पुसला आणि गालावर पट्टा उमटला. त्यांच्या बिल्ल्याने आणखी एकदा लाल दिवा दाखवला, पण आता त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कारण तेवढ्यात दुसराच बिल्ला बोलला. तो मॅडमचा होता. खोली शांत होती, त्यामुळे जवळ बसलेल्या मला ऐकू आलं: "सूचना. या गटाच्या 'आम्ही'मध्ये आपला समावेश नाही."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या वेळी त्या मालकीण वाटल्या नाहीत, ओचा पुढे करणारी पोर वाटल्या.

"आणि मी?" त्या म्हणाल्या.

विभूते साहेबांनी खुर्ची ओढली, रुमालाने पुसली आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "मॅडम, आपण बसावं. आपण चहा घ्यावा."

मॅडमच्या बिल्ल्यावर झकास हिरवा दिवा लागला.

त्यांनी दिव्याकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. ओठ चावत छताकडे बघणाऱ्या महिबूबकडे पाहिलं. बंगळूरला शिकली तरी मुलगी सोलापूरची.

"हे असं इतके दिवस?" त्यांनी विचारलं.

"लई मान दिला, मॅडम," रेणुका म्हणाली.

मॅडम खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आणि विभूतेकाका, तुम्हाला कळलं कधी?"

"काल. धूर झाल्यावर."

"राग नाही आला?"

"आला की. पण शेंगा पाखडायच्या होत्या."

मॅडमनी कॉलरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "तळेगाव रद्द," त्या म्हणाल्या. "पडदाही रद्द. हे बिल्ले त्या कंपनीला आपण आजच परत पाठवू."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साहेबांचे हात पाठीमागे जात होते, ते त्यांनी अर्ध्या वाटेतून पुढे आणले.

"मॅडम," ते म्हणाले, "नाव घ्या."

"कुणाचं?"

"जो पाठवणार असेल त्याचं. कालपासून इथं नियम हाय."

मॅडमनी लग्नात नाव घ्यायला साफ नकार दिला होता, आम्ही सगळे तिथे जेवायला होतो. पण आता त्या कानापर्यंत लाल झाल्या, दोनदा 'अंऽ अंऽ' केलं आणि म्हणाल्या,

"बिल्ल्यांचं हे लचांड लावते आता मार्गी,
आजच परत पाठवणार विश्वनाथरावांची गार्गी."

महिबूबनं टेबल बडवलं, रेणुकाने शिट्टी मारली. विभूते साहेब तर उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या हातांची काजळी सगळ्यांच्या अंगावर उडत होती. माझं मन भरून आलं. असं झालं की मला काहीतरी खायला-प्यायला घालावंसं वाटतं.

"चला," मी म्हटलं, "आपण चहा टाकू."

सगळे माझ्याकडे वळले.